बँड उघडला

धाराशिवहून पुणे हवाई अंतराने साधारण २३५ किलोमीटर, हैदराबाद २७० आणि मुंबई ३५०. सात मेगाहर्ट्झच्या हौशी रेडिओ पट्ट्याला हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाले, ‘चाळीस मीटर’ म्हणतात. त्या पट्ट्यावर सकाळी नऊच्या सुमारास ही तिन्ही शहरे खणखणीत ऐकू येतात. पहाटे चारला तोच संच असतो, गच्चीवर तीच वीस मीटरची तांब्याची तार असते, शक्तीही तेवढीच. पण पुणे नाही आणि हैदराबादही नाही. त्यांच्या जागी इंडोनेशियातला कोणीतरी किंवा रशियातला कोणीतरी बोलत असतो. यंत्रात काही बिघडलेले नसते, बदललेले असते ते डोक्यावरचे आकाश.

नवा परवाना मिळालेला माणूस पहिल्यांदा हे अनुभवतो तेव्हा तो आधी आपल्या सोल्डरिंगवर संशय घेतो, मग केबल तपासतो, मग तार खाली उतरवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आपोआप ठीक झालेले दिसते. इथून पुढे दोन प्रकारची माणसे होतात. काहींना हा लहरीपणा नकोसा वाटतो. ते व्हॉट्सअ‍ॅपवर परततात. काही मात्र वही काढतात आणि लिहू लागतात: तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, कोण ऐकू आले, किती जोरात. हौशी रेडिओचे खरे शिक्षण या वहीत होते. संपर्क झाला हा आनंद आहेच, पण तो आज का झाला आणि काल का झाला नाही, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

पृथ्वीपासून साठ किलोमीटरच्या वर सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण हवेतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. या भागाला आयनांबर म्हणतात, आणि त्याचे थर आहेत. सर्वांत खालचा ‘डी’ थर, ६० ते ९० किलोमीटरवर, हा दिवसाचा कर घेणारा थर आहे: रेडिओ लहरी परत पाठवत नाही, नुसत्या गिळतो, आणि फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितके जास्त गिळतो. सूर्य मावळला की तो थोड्याच वेळात विरून जातो. पुणे आकाशवाणीचे ७९२ किलोहर्ट्झ दिवसा मराठवाड्यात क्षीण होत जाते आणि अंधार पडताच मध्यम लहरींवर कुठली कुठली दूरची केंद्रे गर्दी करतात, ते यामुळे. त्याच्या वर ‘ई’ थर, आणि त्याहून वर, साधारण दोनशे ते चारशे किलोमीटरच्या पट्ट्यात, ‘एफ’ थर. दूरचे बोलणे बहुतेक याच्या भरवशावर चालते. हा रात्रीही टिकतो, पण सूर्य नसल्यामुळे तासागणिक विरळ होतो आणि पहाटे सर्वांत दुबळा असतो.

सरळ वर सोडलेली लहर कुठल्या फ्रिक्वेन्सीपर्यंत परत येईल, याला क्रांतिक फ्रिक्वेन्सी म्हणतात. आपल्या अक्षांशांवर ती दुपारी दहा मेगाहर्ट्झच्याही वर जाऊ शकते आणि पहाटे तीन-चार मेगाहर्ट्झपर्यंत उतरते. सूर्य शांत असेल तर आणखी खाली. तळ्यात भाकऱ्या खेळलेल्या कोणालाही पुढचा भाग समजेल. चपटा दगड आडवा, पाण्याला घासून फेकला तर उडत जातो. तोच उभा टाकला तर बुडतो. पहाटे चारला सात मेगाहर्ट्झची लहर पुण्यासाठी जवळजवळ उभीच वर जावी लागते. थर विरळ, त्यामुळे ती आरपार निघून अवकाशात जाते. इंडोनेशियाकडे तिरपी निघालेली लहर मात्र त्याच विरळ थरावरून परतते. म्हणून केंद्राभोवती शेकडो किलोमीटरचे एक मुके कडे तयार होते. हॅम त्याला ‘स्किप झोन’ म्हणतात. जवळचा ऐकत नाही, लांबचा ऐकतो.

हे सगळे एका विशिष्ट पहाटेशी जोडून पाहायला हवे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावे उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसर हादरला. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती आणि दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली, बावन्न गावे जमीनदोस्त झाली. भारतात पहिला मोबाइल कॉल व्हायला अजून दोन वर्षे होती. खेड्यात टेलिफोन म्हणजे असला तर पोस्टात किंवा ग्रामपंचायतीत एखादा. त्या दिवसांत मदतीला आलेल्यांमध्ये हौशी रेडिओवालेही होते. गाडीची बॅटरी, संच आणि तार एवढ्यावर त्यांनी तात्पुरती केंद्रे उभारून भूकंपग्रस्त भागातला संपर्क जोडायला मदत केली.

पुस्तकांत आणि लेखांत ही नोंद बहुधा एका वाक्यात उरकलेली असते, आणि मला ते अपुरे वाटते. कारण संच पोहोचला म्हणजे संपर्क झाला असे नसते. त्या भागातून पुणे, मुंबई, हैदराबाद हे सगळे दोनशे ते चारशे किलोमीटरच्या पट्ट्यात येतात. एवढे अंतर हातातल्या व्हीएचएफ संचासाठी फार लांब असते आणि तिरप्या उडीसाठी फार जवळ. तिथे लहर जवळजवळ उभी वर पाठवून तीनशे किलोमीटर उंचीवरून खाली पाडावी लागते. त्यासाठी डायपोल तार मुद्दाम खाली, पाच-सहा मीटरवर बांधायची. एरवी ‘जितकी उंच तितकी चांगली’ असे सांगणारे लोक इथे चुकतात: उंच तार शक्ती क्षितिजाकडे फेकते, खाली बांधलेली तार आकाशाकडे. दोन बाभळींवर किंवा उभ्या राहिलेल्या दोन खांबांवर बांधलेली तार या कामाला राजवाड्यावरच्या टॉवरपेक्षा सरस ठरते. आणि फ्रिक्वेन्सी घड्याळाप्रमाणे बदलायची. पहाटे व रात्री साडेतीन मेगाहर्ट्झ, ऊन वर आल्यावर सात. सप्टेंबरअखेरीस इकडे सूर्य सव्वासहाच्या आसपास उगवतो. त्यानंतर तास-दीड तासात ‘एफ’ थर भरू लागतो, सात मेगाहर्ट्झचे मुके कडे आक्रसत जाते आणि जवळची शहरे एकेक करून वर येतात. हॅमच्या भाषेत, बँड उघडतो. १९९३ साली सूर्य आपल्या अकरा वर्षांच्या चक्रात उताराला लागला होता, त्यामुळे रात्री हे कडे लवकर आणि रुंद पडण्याचाच तो काळ.

असले ज्ञान आपत्तीच्या दिवशी शिकता येत नाही. पुढे २००१ चा भुज भूकंप, डिसेंबर २००४ ची त्सुनामी, २६ जुलै २००५ चा महाराष्ट्रातला पूर, या सगळ्यांत हॅम उपयोगी पडले ते रोजच्या निरुद्देश वाटणाऱ्या सरावामुळे. त्सुनामीच्या वेळी तर पोर्ट ब्लेअरमध्ये भारती प्रसाद या हॅम आधीपासून हजर होत्या. अंदमानसारख्या दुर्मिळ ठिकाणाहून जगभर संपर्क साधायच्या हौशी मोहिमेवर गेल्या होत्या. मोहीम त्या सकाळी थांबली आणि तोच संच बेटांचा दुवा झाला.

आयनांबर लहरी परतवते हे जगाला पटवून देण्यातही हौशी मंडळींचा वाटा मोठा आहे. मार्कोनीने १२ डिसेंबर १९०१ ला अटलांटिकपार संदेश ऐकल्याचे जाहीर केले. लहरी सरळ जातात तर पृथ्वीच्या बाकाभोवती वळल्या कशा, याचे उत्तर म्हणून १९०२ मध्ये केनेली आणि हेवीसाइड यांनी वर वाहक थर असावा असे सुचवले. मात्र व्यवहारात सगळ्यांचा विश्वास लांब लहरींवर. १९१२ मध्ये अमेरिकेने हौशींना दोनशे मीटर आणि त्याखालच्या लहरी देऊन टाकल्या, कारण त्या निरुपयोगी मानल्या जात होत्या. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हा अमेरिकी हौशी स्कॉटलंडच्या अर्ड्रॉसनला तंबू ठोकून बसला आणि त्याने त्या टाकाऊ लहरींवर अमेरिकेतली हौशी केंद्रे ऐकली. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतील हौशींचा दुतर्फा संवाद झाला. पुढच्याच वर्षी अ‍ॅपलटनने इंग्लंडमध्ये थराचा थेट पुरावा मिळवला. त्यासाठी त्याला १९४७ चे नोबेल मिळाले. आपल्याकडे कोलकात्यात शिशिरकुमार मित्र यांनी आयनांबराच्या संशोधनाची परंपरा उभी केली. १९४७ मधला त्यांचा ‘द अपर अ‍ॅटमॉस्फिअर’ हा ग्रंथ या विषयाचा जगभरचा आधार ठरला.

मग व्यापारी कंपन्या धावल्या. धाराशिवहून रेल्वेने पुण्याला निघाले की कुर्डुवाडीनंतर दौंड लागते. त्या दौंडला आणि पुण्याजवळच्या खडकीला भारत-इंग्लंड बिनतारी ‘बीम’ सेवेची केंद्रे होती. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या हस्ते ती सुरू झाली. हौशींनी दाखवून दिलेल्या लघुलहरींवर साम्राज्याच्या तारा धावू लागल्या.

लघुलहरींचा मराठी वाचकाला अधिक जवळचा इतिहास १९४२ चा आहे. उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत मुंबईत जागा बदलत काँग्रेस रेडिओ चालवला, तो ४२.३४ मीटरवर. याची फ्रिक्वेन्सी काढली तर सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ येते. म्हणजे आज भारतीय हॅमना दिलेल्या ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याच्या अगदी आत. आज ज्या जागी ‘तुमचा सिग्नल पाच-नऊ’, म्हणजे खणखणीत, असे सांगितले जाते, त्याच जागी तेव्हा स्वातंत्र्याच्या बातम्या वाचल्या जात होत्या. महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी परवाने रद्द करून संच जमा करायला लावले होते, हे लक्षात घेतले की त्या धाडसाची किंमत कळते.

आता धाराशिवच्या आकाशाबद्दल. जिल्हा १८ अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे, पण आयनांबराला भौगोलिक विषुववृत्तापेक्षा चुंबकीय विषुववृत्त महत्त्वाचे, आणि ते भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. केरळमधल्या थुंब्याला २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण उडाला तो त्यासाठीच. दिवसा विषुववृत्तावरचा आयनवायू वर उचलला जातो आणि दोन्ही बाजूंना घसरतो. उत्तरेकडची रास भोपाळ-अहमदाबादच्या आसपास पडते. धाराशिव या दोहोंच्या मध्ये आहे. युरोपीय पुस्तकांतले नियम म्हणूनच इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ‘एफ’ थरात विरळ वायूचे बुडबुडे वर चढतात आणि थर फाटल्यासारखा होतो. आवाज थरथरतो, शब्दांच्या कडा खरवडल्या जातात. सूर्य जोरात असलेल्या वर्षांत त्याच वेळी उपग्रहांचे सिग्नलही लुकलुकतात, जीपीएसची जागा सरकते. नव्या माणसाला वाटते समोरच्याचा माइक खराब आहे.

साधा चढउतार वेगळा. एकच लहर दोन वाटांनी येते, कधी जुळते तर कधी एकमेकींना मारते, आणि आवाज फुगत-विरत राहतो. ज्यांनी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकली त्यांच्या कानात हा चढउतार अजून असेल. हॅम त्याला मोर्सच्या काळापासून ‘क्यूएसबी’ म्हणतात, विजेच्या कडकडाटाला ‘क्यूआरएन’ आणि माणसाने केलेल्या गोंगाटाला ‘क्यूआरएम’.

क्यूआरएन मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये मुक्कामाला असते. वळिवाचे ढग बालाघाटावर जमायच्या कितीतरी आधी साडेतीन मेगाहर्ट्झवर त्यांचे कडाडणे सुरू होते. दुपारी असा आवाज दाट होऊ लागला की शहाणा हॅम संच बंद करतो आणि अँटेनाची केबल काढून घराबाहेर टाकतो. या भागात दरवर्षी वीज पडून माणसे-जनावरे दगावतात. तिथे तांब्याची उंच तार हा खेळ नाही. अर्थिंगही नीट हवे, आणि तेही ऋतूप्रमाणे बदलते: पावसाळ्यात भिजलेली काळी माती उत्तम वाहक, मेमध्ये भेगाळली की तीच माती कुचकामी. मीठ-कोळसा घातलेल्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतत राहावे लागते. उभा अँटेना लावणाऱ्याला तर हा फरक थेट सिग्नलमध्ये दिसतो.

माणसांचा गोंगाट अधिक चिवट. खांबावरचा सैल जंपर, डीपीवरची ठिणगी, स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, आणि आता काही सौर कृषिपंपांचे कंट्रोलर. भारनियमनात वीज गेली की गावातल्या हॅमच्या कानावरचे ओझे उतरते. बॅटरीवरचा संच एकदम खोल ऐकू लागतो, आणि मघापासून गोंगाटाखाली दबलेले केंद्र तिथेच होते हे कळते. मुंबई-पुण्याच्या हॅमला हे नशीब क्वचितच. या एका बाबतीत वाशी-भूमचे माळ शहरांना भारी आहेत, आणि इथल्या मुलांना हे कोणी सांगत नाही याचे मला वाईट वाटते.

व्हीएचएफची, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झची गोष्ट निराळी. या लहरी सहसा आयनांबराला जुमानत नाहीत. त्यांना दिसेल तेवढाच मुलूख. तुळजापूर बालाघाटाच्या कडेवर आहे आणि तिथून जमीन सोलापूरकडे उतरते. दीडशे मीटर उंचीच्या कड्यावरून रेडिओचे क्षितिज पन्नास किलोमीटरच्या आसपास पडते. सोलापूर हवाई अंतराने त्याच्या आत आहे. पन्नास सेंटिमीटरच्या उभ्या तारेचा घरगुती अँटेना आणि पाच वॉटचा संच एवढ्यावर हा प्रयोग होतो. हिवाळ्यात, रात्री जमीन गार पडून थंड हवा खाली आणि उबदार हवा वर असा उलटा थर बसला की पहाटे या लहरीही वाकतात आणि क्षितिजाच्या पुष्कळ पलीकडे जातात. परवाना नसलेल्यालाही हे तपासता येते: डिसेंबरच्या धुक्याच्या सकाळी गाडीतला एफएम हळूहळू फिरवावा. एरवी मोकळ्या असलेल्या जागी एखादे परके केंद्र सापडते आणि ऊन चढताच नाहीसे होते.

परवान्याची परीक्षा केंद्राच्या दूरसंचार विभागाची वायरलेस नियोजन व समन्वय शाखा घेते आणि बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ती देता येते. यंत्रांची महागाई ही सबब थोडी जुनी झाली आहे. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी दोन दशकांपूर्वी ‘बिटएक्स’ हा संच आखला तो साध्या, सहज मिळणाऱ्या भागांतून. त्यातली काही वेटोळी चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळायची होती. जगभरच्या हौशींनी तो बांधला.

आणि आता मोजमापाची साधने पूर्वी संशोधन संस्थांकडेही नव्हती अशी आहेत. कोलंबोपासून फिनलंडपर्यंत अठरा दीपकेंद्रे पाळीपाळीने दहा-दहा सेकंद एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. १४.१०० मेगाहर्ट्झवर तीन मिनिटांत सगळ्यांची फेरी पूर्ण होते. प्रत्येक केंद्र आपली खूण शंभर वॉटवर सांगते, मग शक्ती शंभर, दहा, एक आणि एकदशांश वॉट अशी उतरवत जाते. कोणते कुठल्या पायरीपर्यंत ऐकू आले ते लिहिले की त्या तासाचा आकाशाचा नकाशा हातात येतो. जो टेलर यांना किल्लारीच्याच वर्षी, १९९३ मध्ये, जोडपल्सारच्या शोधासाठी भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनीच २००८ मध्ये ‘विस्पर’ ही प्रणाली लिहिली. तिच्यात गोंगाटात पूर्ण बुडालेला, कानाला न लागणारा सिग्नल संगणक उचलतो, दोन मिनिटांत केंद्राची खूण, शक्ती आणि ठिकाण वाचतो. ठिकाण लिहायची पद्धत पृथ्वीवर आखलेल्या चौकोनांची आहे. धाराशिव शहर ‘एमके ८८’ मध्ये पडते, परंडा-भूम ‘एमके ७८’ मध्ये, नळदुर्ग-उमरगा ‘एमके ८७’ मध्ये. एकाच जिल्ह्यातून गाडीने फिरत तीन चौकोनांतून बोलता येते, हे चौकोन गोळा करणाऱ्यांसाठी मोठे आमिष आहे.

सगळ्या बदलांचा धनी मात्र सूर्यच. त्याच्यावर स्फोट झाला की आठ मिनिटांत क्ष-किरण येऊन ‘डी’ थर दाट करतात आणि भर दुपारी पट्टाच्या पट्टा मुका होतो. अर्ध्या-पाऊण तासाने परततो. चुंबकीय वादळ एक-दोन दिवसांनी येते आणि दिवसेंदिवस रेंगाळते. याची जगातली एक अमूल्य नोंद मुंबईची आहे. सप्टेंबर १८५९ च्या महावादळात कुलाबा वेधशाळेने चुंबकीय क्षेत्राची सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घसरण टिपली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ही चुंबकीय नोंद अलिबागला हलवली गेली. मे २०२४ मध्ये २००३ नंतरचे पहिले सर्वोच्च श्रेणीचे वादळ आले, तेव्हा लडाखमधल्या हान्लेहून लाल ध्रुवीय प्रकाश दिसला.

सध्याचे पंचविसावे सौरचक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते शिखरावर असल्याचे जाहीर झाले. आता उतार आहे. २८ मेगाहर्ट्झवर थोड्या शक्तीत युरोप गाठायचे दिवस कमी होत जातील. सात मेगाहर्ट्झवर जवळची शहरे रात्री लवकर बुडतील आणि सकाळी उशिरा वर येतील. रात्री पुण्याशी बोलायचे तर साडेतीन मेगाहर्ट्झवर उतरावे लागेल, आणि तिथला डायपोल चाळीस मीटर लांब असतो. शहरातल्या गच्चीवर तो मावत नाही. लोहाऱ्याच्या शेतात दोन कडुनिंबांच्या मध्ये मावतो. उंची सात-आठ मीटर पुरे, आणि पहिली चाचणी पहाटे चारला घ्यावी.